एकहाती नियतकालिक : वर्गणीदार आणि जाहिरात

एकाच व्यक्तीने मजकूर लिहावा, त्याची मुद्रिते तपासावी, अंक छापून घ्यावा, वेष्टने बांधून त्यांवर पत्ते घालावे आणि हिशोबही आपणच ठेवावा, अशा नियतकालिकाला एकहाती नियतकालिक म्हणता येईल. मराठीत अशा नियतकालिकांची परंपरा जुनी आणि बरीच समृद्ध आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ हे तिचे ठळक उदाहरण होय. १८७४ च्या जानेवारीत ती सुरू झाली. तिचे एकूण ८४ अंक निघाले व त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या चिपळूणकरांच्या लेखणीतून उतरला. मोठ्या वृत्तपत्रामागे भांडवल असते, कचेरी असते, नोकरवर्ग असतो. एकहाती नियतकालिकामागे केवळ एका माणसाचे मत आणि ते मांडण्याची तळमळ एवढेच असते.

परंतु मत कितीही मोलाचे असले तरी ते छापण्यास कागद लागतो आणि वाचकाच्या हाती पोचविण्यास टपालखर्च येतो. म्हणून प्रत्येक एकहाती संपादकापुढे दोन व्यावहारिक प्रश्न उभे राहतात. अंक वाचकापर्यंत नियमितपणे कसा पोचवावा, हा पहिला. त्याचा खर्च कोणी सोसावा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्गणीदारांच्या यादीत असते, तर दुसऱ्याचे उत्तर बहुधा जाहिरातीत शोधले जाते. ही दोन्ही उत्तरे परस्परांशी कशी निगडित आहेत आणि त्यांच्यावर संपादकाचे स्वातंत्र्य किती अवलंबून असते, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

खर्चाचे गणित

नियतकालिकाचा खर्च दोन प्रकारचा असतो. अंकाच्या शंभर प्रती काढा किंवा हजार काढा, मजकुराची जुळणी व छपाईची तयारी यांचा खर्च तेवढाच येतो. हा स्थिर खर्च होय. कागद, प्रत्यक्ष छपाई, बांधणी आणि टपाल यांचा खर्च मात्र प्रतींच्या संख्येबरोबर वाढत जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका अंकाचा स्थिर खर्च ३०० रुपये आहे आणि त्याशिवाय दर प्रतीला ५० पैसे पडतात. ३०० प्रती काढल्या तर एक प्रत दीड रुपयाला पडेल. १,००० प्रती काढल्या तर ती ८० पैशांना आणि ३,००० काढल्या तर अवघ्या ६० पैशांना पडेल. अंकाची किंमत एक रुपया ठेवली, तर जमाखर्चाची तोंडमिळवणी होण्यास ६०० वर्गणीदार हवेत. त्याहून एक जरी कमी असला तरी उरलेली रक्कम संपादकाच्या खिशातून जाणार.

आता याच उदाहरणात जाहिरात आणून पाहू. एका पानाच्या जाहिरातीचे ५० रुपये मिळतात असे समजा. प्रत्येक वर्गणीदारामागे संपादकाच्या हाती ५० पैसे उरतात. म्हणजे जाहिरातीचे एक पान १०० वर्गणीदारांच्या बरोबरीचे ठरते. शंभर वर्गणीदार मिळविण्यास वर्षे खर्ची पडतात. जाहिरातदाराशी बोलणे एका सकाळी आटोपते. जाहिरातीचा मोह का पडतो, हे यावरून स्पष्ट होईल. परंतु याच गणिताची दुसरी बाजूही आहे. असा एक जाहिरातदार रुसला की शंभर वर्गणीदार एकाच दिवशी सोडून गेल्यासारखे होते. शंभर वाचक एखाद्या लेखावर एकाच वेळी नाराज होऊन एकदम वर्गणी बंद करतील, असे सहसा घडत नाही. जाहिरातदार मात्र एकटा असतो आणि त्याची नाराजीही एकाच पत्राने कळते.

वर्गणीदारांची यादी

एकहाती नियतकालिकाची खरी मालमत्ता म्हणजे वर्गणीदारांच्या नावांची व पत्त्यांची वही. छापखाना दुसऱ्याचा असू शकतो, कागद उधारीवर आणता येतो. परंतु अंकाची वाट पाहणारा वाचक उधार मिळत नाही. अंक विक्रेत्यांमार्फतही विकता येतो, पण विक्रेत्याला कमिशन द्यावे लागते, न खपलेल्या प्रती परत घ्याव्या लागतात आणि पैसे उशिरा हाती येतात. त्याहून महत्त्वाची अडचण अशी की विक्रेत्याकडून अंक घेणारा वाचक कोण, हे संपादकाला कधीच कळत नाही.

दूरच्या वाचकाच्या बाबतीत तर टपालाला पर्यायच नसतो. दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस वसलेल्या मयूर विहारसारख्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पुण्याचे लहानसे मासिक कोपऱ्यावरील विक्रेत्याकडे मिळण्याची आशा फारच थोडी. तेथे अंक पोचतो तो वर्गणीदारांच्या वहीतील एका ओळीमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टपालखात्याने या व्यवहाराला मोठा आधार दिला. १८७७ मध्ये व्ही. पी. ची, म्हणजे वस्तू हाती देताना तिची किंमत वसूल करण्याची, पद्धत भारतात सुरू झाली. १८८० मध्ये मनीऑर्डर आली. त्यापूर्वी सोलापूर किंवा नागपूर येथील वाचकाने पुण्या-मुंबईच्या संपादकाला दोन-तीन रुपये पाठवावयाचे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसाची वाट पाहावी लागे. आता टपालकचेरी हीच नियतकालिकाची वसुलीची कचेरी झाली. नोंदणी केलेल्या नियतकालिकांना टपालाचा सवलतीचा दर मिळू लागल्याने लहान संपादकाचा भार आणखी हलका झाला.

तथापि ही सोय धोक्यावाचून नव्हती. वर्ष संपले की पुढचा अंक व्ही. पी. ने पाठविण्याची प्रथा होती. वाचकाने पैसे भरून तो सोडविला तर वर्गणी वसूल होई. त्याने तो नाकारला तर अंक परत येई, जाण्या-येण्यात मळकट होई आणि टपालखर्च संपादकाच्या अंगावर पडे. म्हणून अनुभवी संपादक वर्ष संपण्यापूर्वीच वर्गणीदाराला आठवण देत व वर्गणी मनीऑर्डरने पाठविण्याची विनंती करीत. वहीतील पत्ते वेळोवेळी तपासणे, बदली झालेल्यांचे नवे पत्ते मिळविणे आणि थकबाकीदारांना किती महिने अंक पाठवीत राहावे हे ठरविणे ही कामे कंटाळवाणी खरी. पण कित्येक चांगली नियतकालिके याच कामांतील हयगयीमुळे बुडतात.

नमुना अंकाचा प्रश्नही येथेच येतो. नव्या वाचकाला संपूर्ण अंक विनामूल्य पाठवावा की काही भागच दाखवावा? पूर्ण अंक दिला तर खर्च वाढतो. केवळ अनुक्रमणिका पाठविली तर वाचकाला मासिकाची चव कळत नाही. ज्याचा मजकूर हेच ज्याचे सामर्थ्य आहे, त्याने एक संपूर्ण अंक उदार मनाने द्यावा आणि त्यानंतर आठवण द्यावी, ही रीत सामान्यतः हितकर ठरते.

जाहिरात नाकारली जाते तेव्हा

जाहिरात ही केवळ उत्पन्नाची बाब नाही. आपण अस्तित्वात आहोत हे लोकांना कळविण्याचे तेही एक साधन आहे. नव्या नियतकालिकाला हे साधन उपलब्ध असणे किती महत्त्वाचे असते, हे ‘मूकनायक’च्या उदाहरणावरून दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत सुरू झाले. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. नव्या पत्राची माहिती लोकांना व्हावी म्हणून त्याची जाहिरात त्या काळी मोठा खप असलेल्या ‘केसरी’कडे पाठविण्यात आली. जाहिरातीचे पैसे देण्याची तयारी असतानाही ती छापली गेली नाही. आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात या गोष्टीची नोंद केली आहे.

ज्यांना पैसे मोजूनही दुसऱ्याच्या पानावर जागा मिळत नाही, त्यांना आपला वाचक एकेक करून मिळवावा लागतो. ‘मूकनायक’चा वाचकवर्ग गरीब होता, साक्षरांचे प्रमाण त्यात अल्प होते आणि व्यापारी जाहिरातदारांना त्याच्याविषयी आस्था असण्याचे कारण नव्हते. काही काळातच आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले.

३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले, तेव्हाही हीच अडचण कायम होती. अंकाचे २४ रकाने आपल्या एकट्याला भरावे लागतात, असे त्यांनी वाचकांना कळविले होते. पत्रासाठी आर्थिक साहाय्याची आवाहनेही त्यातून केली जात. १५ नोव्हेंबर १९२९ रोजी त्याचा शेवटचा अंक निघाला. महाडच्या सत्याग्रहाच्या काळातील या पत्राचे ऐतिहासिक मोल आज सर्वमान्य आहे. परंतु त्याच्या हयातीत ते मोल जमाखर्चाच्या वहीत उतरले नाही.

जाहिरात नाकारणारा संपादक

याच्या उलट, मिळू शकणारी जाहिरात स्वतःहून नाकारणारे संपादकही झाले. त्यांत महात्मा गांधींचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरंभी जाहिराती असत. तरीही पत्र तोट्यात चाले व एका काळात गांधींना त्यासाठी दरमहा ७५ पौंड घालावे लागत. असे असूनही १९१२ मध्ये त्यांनी जाहिराती घेणे बंद केले. जाहिराती मिळविण्यासाठी माणसे गुंतून पडतात, जाहिरातदारांची मर्जी राखावी लागते आणि कोणती जाहिरात घ्यावी व कोणती नाकारावी याचा निवाडा करण्यात शक्ती खर्च होते, असा त्यांचा अनुभव होता. भारतात ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ हाती घेतल्यावर त्यांनी हेच धोरण पहिल्यापासून चालविले. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून निघालेल्या ‘हरिजन’नेही तेच स्वीकारले.

या धोरणामागील तर्क साधा आहे. वाचकाला पत्र खरोखर हवे असेल तर तो त्याची किंमत देईल. तो देत नसेल तर पत्राने आपल्या अस्तित्वाचा विचार करावा. मात्र हा तर्क सर्वांना सारखा लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. गांधींच्या शब्दाची वाट सारा देश पाहत होता. अनोळखी संपादकाला, किंवा ज्याचा वाचक वर्गणी देण्यास असमर्थ आहे अशा पत्राला, जाहिरातीविना चालणे फार कठीण जाते.

जाहिरातीतून जन्मलेले मासिक

तिसरा मार्गही महाराष्ट्राने पाहिला आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. लोखंडी नांगर व इतर यंत्रे बनविणाऱ्या कारखान्याचे हे माहितीपत्र होते. म्हणजे आरंभी ते स्वतःच एक जाहिरात होते. परंतु संपादकाने त्यात हळूहळू उद्योग, समाज आणि साहित्य यांविषयीचा मजकूर आणला. पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने ते मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. १९३० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. जाहिरात आणि विचार यांचे वैर अटळ नाही, हे या उदाहरणावरून दिसते. मात्र यामागे उभा असलेला कारखाना एकहाती संपादकापाशी नसतो.

‘समाजस्वास्थ्य’ची कसोटी

या सर्व प्रश्नांची खरी कसोटी र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकात लागली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथराव हे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी गमवावी लागली. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन होईपर्यंत ते एकट्याच्या बळावर चालविले.

लैंगिक आरोग्य, संततिनियमन, स्त्रीचे स्वातंत्र्य आणि रूढींची चिकित्सा हे या मासिकाचे विषय होते. वाचकांच्या खाजगी शंकांना त्यात निःसंकोच उत्तरे दिली जात. अशा मासिकाला वाचक मिळत नव्हता असे नाही. परंतु मासिक घरी येते हे शेजाऱ्याला कळू नये, अशीच अनेकांची इच्छा असे. चारचौघांत हाती धरता येणार नाही असा अंक विक्रेत्याच्या दुकानापेक्षा बंद वेष्टनात टपालाने येणेच अशा वाचकाला सोयीचे. कर्व्यांच्या मासिकासाठी वर्गणीदारांची यादी ही केवळ आर्थिक सोय नव्हती. ती परस्परविश्वासाची वही होती.

जाहिरातीच्या बाबतीत अडचण अधिक मोठी होती. प्रतिष्ठित व्यापाऱ्याला अशा मासिकात आपले नाव झळकावे असे वाटण्याजोगी ती परिस्थिती नव्हती. दुसरीकडे, त्या काळच्या मराठी नियतकालिकांच्या पानांवर शक्तिवर्धक गोळ्या आणि हमखास गुण देणारी औषधे यांच्या जाहिरातींची गर्दी असे. लैंगिक विषयावरील मासिक हे अशा जाहिरातदारांना उत्तम क्षेत्र वाटावे, यात नवल नाही. परंतु ज्या अज्ञानावर या औषधांचा धंदा चालतो, ते अज्ञान दूर करण्यासाठीच हे मासिक निघाले होते. लेखात जे खोडून काढावयाचे तेच मलपृष्ठावर विकावयाचे, ही विसंगती वाचकाच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही. एकहाती नियतकालिकात तर लेखक आणि जाहिरात स्वीकारणारा व्यवस्थापक ही एकच व्यक्ती असते, त्यामुळे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याची सोयही नसते.

याशिवाय न्यायालयाचा खर्च होता. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये कर्व्यांना १०० रुपये दंड झाला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला. त्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. तरीही २०० रुपये दंड झालाच. तोट्यात चालणाऱ्या मासिकाला ही रक्कम लहान नव्हती. जाहिरातींवर आधारलेले पत्र अशा खटल्यानंतर बहुधा नमले असते किंवा बंद पडले असते. ‘समाजस्वास्थ्य’ त्यानंतरही १९ वर्षे चालले. त्याचे धनी व त्याचे वाचक यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते, हे त्याचे एक कारण मानावे लागेल. याची किंमतही मोठी होती. कर्वे दांपत्याचे सारे आयुष्य काटकसरीत गेले आणि मासिकाचा प्रसार सुशिक्षितांच्या एका लहान वर्तुळाबाहेर फारसा झाला नाही.

कर्व्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९५४ मध्ये, औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा संसदेने केला. एकट्या संपादकाने स्वतःच्या विवेकाने जी सीमा आखावयाची, तिचा काही भाग अशा रीतीने कायद्याने आखून दिला. उरलेला भाग मात्र अजूनही विवेकाकडेच आहे.

आजची स्थिती

विसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या लेखकाला छापखान्यावाचून प्रकाशन करणे शक्य झाले. संगणकाच्या जाळ्यावर मजकूर ठेवण्यास कागद लागत नाही, टपालहशील पडत नाही. वर उल्लेखिलेला, प्रतींच्या संख्येबरोबर वाढणारा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. परंतु दोन्ही मूळ प्रश्न वेगळ्या रूपात कायम राहिले.

पोचविण्याच्या प्रश्नावर १९९९ मध्ये आर. एस. एस. नावाची एक योजना पुढे आली. लेखकाने नवा मजकूर प्रसिद्ध केला की त्याची नोंद एका ठरावीक स्वरूपाच्या यादीत आपोआप होते आणि वाचकाचा संगणक ती यादी वेळोवेळी तपासून नवा मजकूर आणून देतो. ही वर्गणीच होय, फक्त वही वाचकाकडे असते. यादीत संपूर्ण लेख द्यावा की केवळ आरंभीचा भाग द्यावा, हा नमुना अंकाचा जुना प्रश्न येथेही उपस्थित होतो. २००५ मध्ये गूगल कंपनीने अशा याद्या वाचण्याची विनामूल्य सोय केली आणि असंख्य वाचक तिच्यावर विसंबले. १ जुलै २०१३ रोजी कंपनीने ती बंद केली. ज्या लेखकांपाशी आपल्या वाचकांचे पत्ते नव्हते, त्यांना ते वाचक पुन्हा शोधावे लागले.

जाहिरातीच्या क्षेत्रात त्याच कंपनीने २००३ मध्ये ॲडसेन्स ही योजना आणली. तीत लेखक फक्त जागा देतो. तेथे कोणती जाहिरात झळकेल हे मजकुरातील शब्द आणि वाचकाची आवड यांवरून यंत्र ठरविते. आरोग्यावरील गंभीर लेखाशेजारी संशयास्पद औषधाची जाहिरात येऊ शकते, आणि लेखकाला ते वाचकाने कळविल्यावरच समजते. नको असलेले जाहिरातींचे वर्ग वगळण्याची सोय योजनेत आहे. पण ती वापरण्याचे कष्ट लेखकालाच घ्यावे लागतात. कर्व्यांसमोर जाहिरातीचा कागद प्रत्यक्ष येई व तो बाजूला सारता येई. आजच्या एकट्या लेखकाला आधी तो कागद शोधून काढावा लागतो.

काही निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. वाचकांची यादी लेखकाने स्वतःपाशी ठेवावी. विक्रेता, टपालखाते किंवा एखादी कंपनी यांची मदत जरूर घ्यावी, परंतु वही त्यांच्या स्वाधीन करू नये. जाहिरात घ्यावयाची असल्यास एकाच जाहिरातदारावर भिस्त ठेवू नये आणि तो उद्या निघून गेला तर अंक निघेल काय, याचा हिशोब आधीच मांडावा. लेखाच्या आशयाशी विसंगत असलेली जाहिरात किती पैसे देते हे न पाहता नाकारावी, कारण एकहाती नियतकालिकात वाचक जाहिरातीलाही संपादकाचाच शब्द समजतो.

आणि वर्गणी मागण्यात संकोच बाळगू नये. आपल्या पत्रासाठी वाचकांकडे साहाय्य मागणे आंबेडकरांनी कमीपणाचे मानले नाही. आठवणीचे पत्र लिहिण्यास लाजणारा संपादक शेवटी तेच पत्र जाहिरातदाराला लिहितो आणि त्याचे उत्तर सहसा अटींसह येते.